जादा वजनाची घोषणा

शर्यत बघायला येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना घोडे दिसतच नाहीत. लांबच्या वळणावर गेले की नुसता एक तपकिरी पट्टा सरकताना दिसतो आणि त्याच्यावर चार-दोन रंगीत ठिपके. तरी आमच्या मैदानावर माणसं टाचा उंचावून, मुठी आवळून ओरडत असायची, कारण त्यांना आमचे दाजी घोडे दाखवत असायचे. डोळ्यांतून नाही, कानांतून.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. स्टँडच्या छपरावर एक लाकडी खोली होती. लोखंडी शिडीनं तिथे चढायचं, दुर्बीण डोळ्याला लावायची आणि माइकवर शर्यत सांगायची, हा त्यांचा उद्योग. मैदानावर त्यांना सगळे भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि दाजींना त्याचं काही वाटत नसे. "भोंगा म्हणतात, पिपाणी तर म्हणत नाहीत!" असं वर म्हणायचे.

लग्न ठरवताना आमच्या वडिलांनी विचारलं होतं, "तुम्ही करता काय?"

"बोलतो."

"ते आमच्या घरातही सगळे करतात. पोटासाठी काय करता?"

"पोटासाठीच बोलतो," दाजी म्हणाले आणि तिथल्या तिथे त्यांनी आमच्या अंगणातल्या कोंबड्यांची शर्यत सांगून दाखवली. काळी पुढे, तिच्या खांद्याला तांबडी, आणि पांढरी कुंपणाला कोंडलेली. वडील हसता हसता खुर्चीवरून घसरले. मुलगी दिली ती त्या कोंबड्यांवर.

मीही त्याच मैदानावर होतो. जॉकींच्या खोलीत कपडे सांभाळायचं काम. प्रत्येक मालकाचे रंग ठरलेले असतात. कुणाचा गुलाबी अंगरखा आणि त्यावर पांढरे ठिपके, कुणाचे हिरवे-पिवळे पट्टे. ते रेशमी अंगरखे धुवायचे, हलक्या इस्त्रीनं सरळ करायचे आणि शर्यतीच्या क्रमानं खुंट्यांवर टांगायचे. शर्यतीच्या दिवशी सकाळी दाजी हात मागे बांधून त्या रांगेसमोर उभे राहायचे आणि पुटपुटत एकेक रंग पाठ करायचे. एकाच मालकाचे दोन घोडे धावणार असले तर अंगरखे सारखेच, फक्त टोपी निराळी. तशा दिवशी ते टोपी हातात घेऊन इतका वेळ निरखत बसत, की वाटावं, तिचं स्थळ बघायला आलेत.

आणि त्यांची ती भाषा! मी खेड्यातल्या शाळेत जेमतेम शिकलो, पण शब्दांची हौस मला दाजींनी लावली. घोडा किती फरकानं जिंकला हे आकड्यात सांगायचं नाही. नाकभर, डोकंभर, मानभर, मग अर्धा घोडा, मग एक घोडा. जन्मात एकदाही न जिंकलेला घोडा तो कोरा. मग तो म्हातारा होऊन दात पडायला आले तरी कोराच. आत कुंपण, समोर एक, बाजूला एक, असा अडकला तर कोंडला. लांब पल्ला पेलणारा तो दमाचा. पाऊस पडून गेला की मैदान जड. इकडे-तिकडे बघून बिचकणाऱ्या घोड्याच्या डोळ्यांना कडेनं आडोसा लावतात, ती झापडं. हे शब्द मग त्यांच्या घरातच राहायला आले. दाजी जेवायला बसायच्या आधी ओरडत, "भात कुठवर आला?" आणि आतून बहीण सांगायची, "शेवटच्या वळणावर!" पाहुणे लवकर उठेनात तर दोघं एकमेकांकडे बघून म्हणायची, "दमाचे दिसतात."

एक नियम मात्र दाजींनी कधी मोडला नाही. माइकवर आपलं कुणी नसतं. ट्रेनर दोस्त असो, मालक ओळखीचा असो, आवाज सगळ्यांना सारखा. "लोक माझ्या डोळ्यांनी बघतात," ते म्हणायचे, "माझ्या डोळ्यात कुणाचा पदर अडकला तर त्यांना काय दिसणार?"

त्यांचा मुलगा, माझा भाचा, अंगानं इतका लहानखुरा की पोरं त्याला काडी म्हणायची. चालायला लागला तोच घोड्यांच्या पोटाखालून. तो जॉकी होणार हे कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. शिकाऊ म्हणून त्यानं पहिली शर्यत मारली तेव्हा मी खोलीच्या दारात उभा होतो, बहीण माझ्या शेजारी. भोंग्यातून दाजींचा आवाज आला, "चार नंबर, निळी टोपी, मानभर." बस्स. इतर कुणासाठी म्हटलं असतं तेवढंच.

"बघ ना दादा!" बहीण रडत-हसत मला म्हणाली, "एवढं तरी म्हणायचं, की आमचा!"

पण त्यानंतर दाजी शिडी उतरले ते शेवटच्या दोन पायऱ्या विसरूनच. गुडघा फुटला, आणि महिनाभर तो गुडघा लोकांना कौतुकानं दाखवत फिरले.

आता गोष्ट वजनाची. शर्यतीत प्रत्येक घोड्यानं किती ओझं न्यायचं ते आधी ठरतं. चांगल्या घोड्यावर जास्त, बेताच्या घोड्यावर कमी, म्हणजे सगळ्यांना संधी. ओझं म्हणजे जॉकी आणि त्याचं खोगीर मिळून. शर्यतीआधी जॉकी खोगीर मांडीवर घेऊन काट्यावर बसतो. ठरल्यापेक्षा भरला, तर तेवढं जादा वजन घोड्याच्या पाठीवर जाणार, आणि हे सगळ्यांना कळायला हवं म्हणून ते माइकवर जाहीर करतात. म्हणजे ते दाजींनी जाहीर करायचं.

काडी बाविशीत आला आणि त्याचं अंग भरायला लागलं. लठ्ठ नव्हे हो! खांदे रुंदावले, मनगटं जाड झाली, जशी कुठल्याही तरुण मुलाची होतात. इतर आया खूष होतात, माझी बहीण धास्तावली. एका शनिवारी तो काट्यावर बसला आणि काटा दीड किलो पुढे गेला. चिठ्ठी वर गेली. दाजींनी वाचलं, "तीन नंबर, दीड किलो जादा." तिथे थांबायला हवं होतं. पण इतकी वर्षं माइक हातात, स्टँड भरलेला, जिभेला राहवलं नाही. पुढे म्हणाले, "आईच्या हातचं जेवण!"

अख्खा स्टँड हसला. जॉकींच्या खोलीत तर हसून हसून एकानं बूट खाली टाकला. काडी माझ्यासमोर उभा होता, अंगरख्याची गुंडी लावत. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं.

"मामा," तो म्हणाला, "माइकवर आपलं कुणी नसतं म्हणतात ना हे? मग हा विनोद कुणासाठी होता?"

"अरे, सवय झालीय त्यांना. घरी गेल्यावर चांगलं खडसाव."

त्यानं घरी जाऊन खडसावलं नाही. तो जेवायचा थांबला.

जॉकी वजन उतरवतात ते मी जन्मभर पाहिलंय. रबरी कपडे घालून उन्हात पळायचं, कढत पाण्याच्या टबात बसायचं, वाफेच्या पेटीत स्वतःला कोंडायचं. सगळेच करतात, पण करून शर्यतीनंतर पाणी तरी पितात. हा पाण्यालाही घाबरायला लागला. बहीण सांगत आली, "दादा, तो घास चावतो आणि फडक्यात टाकतो. त्याला वाटतं मला दिसत नाही." एकदा तिनं त्याचा पट्टा आणून दाखवला. पुढे भोकं उरली नव्हती म्हणून त्यानं खिळा तापवून नवी पाडली होती.

मी दाजींकडे गेलो. म्हटलं, पोराशी बोला. दाजी खिडकीत दुर्बिणीच्या काचा पुसत होते.

"बोललो," ते म्हणाले. "तो म्हणतो, तुम्ही फक्त काट्यावरचा आकडा वाचा."

"मग?"

"मग काय? माइकवर आपलं कुणी नसतं, हे मीच शिकवलंय त्याला."

त्या वर्षीची मोठी शर्यत जवळ आली तशी एक ट्रेनर काडीकडे आला. त्याच्याकडे एक घोडी होती, कुम्मैत, म्हणजे गडद तांबूस रंगाची, पायाला वाऱ्यासारखी, पण तोवर फारशी कुणाच्या नजरेत न आलेली. त्यामुळे तिच्यावर ओझं अगदी तळाचं पडलं होतं. हलकं ओझं, चांगली घोडी. जॉकीच्या आयुष्यात अशी शर्यत एकदाच समोर येते. ट्रेनरनं विचारलं, "पन्नास किलोला बसशील?" काडी म्हणाला, "बसेन."

त्या दिवशी तो खरोखर बसला. काटा काडीसारखा सरळ उभा राहिला. मी त्याला अंगरखा घातला तेव्हा रेशीम त्याच्या पाठीला चिकटलं नाही. घाम नव्हताच. ओठ भेगाळलेले, बोटं गार.

"बाळा, तू बसू नकोस," मी म्हणालो.

"मामा, गुंडी लाव."

मी गुंडी लावली नाही, डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी त्याची पापणी ओढून पाहिली, मनगट धरलं. "चक्कर?" "नाही." "डोकं दुखतं?" "नाही." "जमेल?" "जमेल." डॉक्टर मला म्हणाले, "हे सगळे आज असेच दिसताहेत," आणि गेले. त्यात खोटंही नव्हतं.

घोडे सुरुवातीच्या फाटकांकडे चालले. तिथवर जाईपर्यंत दाजी एकेका घोड्याचं वर्णन करत, ती त्यांची पद्धत. कोण तोऱ्यात चाललंय, कुणाला फेस आलाय, कुणाचे कान मागे पडलेत. एक नंबर झाला, दोन झाला. सहा नंबरची ती घोडी. "सहा नंबर, पांढरी टोपी, घोडी शांत आहे..." आणि आवाज थांबला.

माइक चालू होता. हजारो माणसांच्या डोक्यावर भोंग्यांतून दाजींचा श्वास ऐकू येत होता. लोकांना वाटलं तार तुटली. कुणीतरी ओरडलं, "भोंग्या, झोपलास काय!"

मग ते बोलले. आवाज तोच, शर्यत सांगतानाचा, अजिबात न चढवलेला. "सहा नंबरच्या जॉकीच्या हातात लगाम नाही. त्यानं आयाळ धरलीय. उजवा पाय रिकिबीतून सुटलाय आणि त्याला तो सापडत नाहीये. स्टार्टरसाहेब, त्याला उतरवा." आणि थोड्या वेळानं, "मी त्याचा बाप आहे."

काहीजण हसले. त्यांना ती पुन्हा गंमतच वाटली.

शर्यत सोडणाऱ्या स्टार्टरला फाटकापाशीही भोंगा ऐकू येतो. त्यानं हात वर केला, डॉक्टरांची गाडी गेली, काडीला उतरवलं. तो उतरायला तयार नव्हता म्हणतात. दोघांनी धरून उतरवला. घोडी शर्यतीतून काढली आणि मोतद्दार तिला परत घेऊन आला. ती बिचारी मान हलवत, न पळताच घरी चालली होती.

आणि मग दाजींनी ती शर्यत सांगितली. हे मला आजही नवल वाटतं. उरलेले घोडे सुटले, तसा त्यांचा आवाज सुटला. कुठे अडखळले नाहीत, एक टोपी चुकली नाही. कोण कोंडला, कोण बाहेरून आला, सगळं. शेवटी "डोकंभर" म्हणाले आणि माइक बंद केला. त्यानंतर त्यांनी तो कधी उघडला नाही, कारण संध्याकाळी मैदानाच्या कारभाऱ्यांनी त्यांना बोलावून घेतलं. माइक शर्यत सांगायला दिलाय, थांबवायला नाही, असं ते म्हणाले. घोडीचा मालक तर टेबलावर हात आपटत होता. दाजी खोलीची किल्ली ठेवून आले.

दवाखान्यात काडीच्या हाताला सलाईन लावलेलं. बहीण पायथ्याशी बसून त्याचे तळवे चोळत होती. दाजी आत आले आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

"पडला असतास," दाजी म्हणाले.

"पाय सापडला होता मला."

"मला दिसत नव्हता."

"तुम्हाला दिसत नव्हता!" तो वळला. "म्हणून माझी शर्यत गेली! आणि काय म्हणालात? बाप? दीड किलो वाचलात तेव्हा कोण होतात?"

मी मध्ये पडलो, "अरे, बस कर, आईकडे बघ." तर बहीण माझ्यावरच उखडली. "दादा, बोलू दे त्याला! इतके महिने अन्न नाही की शब्द नाही."

बाहेर मी तिथल्या डॉक्टरांना गाठलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, वेळेवर उतरवलंत. ते म्हणाले, "पाणी फार कमी झालं होतं. पडला असता कदाचित. कदाचित नसताही. तरुण शरीर आहे, दोन-तीन मिनिटं कशीही काढतं." म्हणजे दाजींना आधार म्हणून धरायला काही नाही, आणि काडीला बापाला माफ करायला कारणही नाही. त्यात भर म्हणजे पुढच्याच महिन्यात ती घोडी दुसऱ्या जॉकीखाली दोन घोड्यांच्या फरकानं जिंकली. शर्यत नव्या माणसानं सांगितली. बरी सांगितली.

काडीला मग हलक्या ओझ्याला बसायची परवानगीच मिळेना. डॉक्टरी दाखला आडवा आला. काही दिवस तो सकाळी घोडे फिरवायला जायचा. मग एक दिवस पिशवी भरून दुसऱ्या शहरात गेला. तिथे निराळ्या शर्यती होतात. बहीण माझ्याकडे आली ती तोंडभर हसत. कित्येक महिन्यांनी तिला असं पाहिलं.

"दादा, त्याचा फोन होता! दोन वेळा जेवतो म्हणाला. अंडी खातो, भात खातो. तिथे ओझं भरपूर असतं म्हणे, पासष्ट-सत्तर किलो. उपाशी राहायची गरजच नाही!"

तिला न सांगून चालणार नव्हतं. कुणीतरी सांगितलंच असतं.

"तायडे," म्हटलं, "तिथे ओझं जास्त असतं, कारण त्या अडथळ्यांच्या शर्यती असतात. घोड्यांना कुंपणांवरून उड्या मारायच्या असतात. लांब पल्ला, दमाचे घोडे."

"उड्या?"

"हो."

"आणि पडतात?"

"कधी कधी."

ती बराच वेळ हातातल्या भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पोटभर जेवून पडायचं."

त्यानंतर काडीचा फोन यायचा तो आईला. आज काय खाल्लं, झोप झाली का, बस. दाजी दाराआड उभे राहत, घराबाहेर जायचं असल्यासारखे चपला घालून, म्हणजे कुणी पाहिलं तर निघालोच होतो म्हणायला. त्यांना आता एका गोदामात काम मिळालं होतं, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर पुकारायचं. तिथे कुणी त्यांना भोंगा म्हणत नव्हतं, आणि मला वाटतं त्यांना ते लागत होतं. घरी "भात कुठवर आला" बंद झालं होतं. भात आपसूक पानात यायचा.

परवाच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडेच होतो. फोन वाजला. बहिणीनं उचलला आणि "कुठे? कुठे लागलं?" म्हणत खाली बसली. काडी पडला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, बाकी ठीक, तो स्वतःच बोलत होता. दाजी दाराआडून आले, आणि आजवर जे केलं नव्हतं ते केलं. तिच्या हातातून फोन घेतला. मला वाटलं आता रागावतील, नाहीतर रडतील.

ते म्हणाले, "कितव्या अडथळ्याला?"

पलीकडून काडीचा आवाज आला. आम्हाला शब्द कळत नव्हते, पण लय कळत होती, ती दाजींचीच होती. दाजी मध्येच विचारत होते. "आतून होतास की बाहेरून?... मैदान जड होतं ना?... मग घोड्यानं पाय लवकर उचलला... हं... आणि मागचा तुझ्यावरून गेला? उडी मारून गेला? शाबास त्या घोड्याची!" त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मोकळा हात हवेत घोड्याची उडी काढत होता. बापलेक मोडलेल्या हाडावर असे बोलत होते, जसं कुणाचं बारसं आहे. शेवटी दाजी म्हणाले, "हाड जुळल्यावर कुठल्या घोड्यावर बसणार?" आणि उत्तर ऐकून म्हणाले, "चांगला आहे तो, आपल्याकडे पळायचा. पण डाव्या बाजूला ओढतो, जप."

फोन ठेवून ते कितीतरी दिवसांनी खुर्चीवर ऐसपैस बसले. "बोलला माझ्याशी," एवढंच मला म्हणाले.

बहीण स्वयंपाकघरात गेली होती. मी मागोमाग गेलो. ती ओट्याला टेकून उभी होती.

"दादा, ते हाड जुळायला किती दिवस लागतात?"

"दीड-दोन महिने. तरुण आहे, लवकर जुळेल."

"सावकाश जुळू दे," ती म्हणाली, आणि ताटं घ्यायला वळली.